चेनसॉचा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह: भरवसा, बिघाड आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिलिंडरच्या डोक्याजवळ बोटाच्या पेराएवढा एक व्हॉल्व्ह आणि त्यावर एक बटण, एवढाच हा भाग. तरी सॉ सुरू होईना किंवा ताकद कमी पडली की पहिला संशय याच्यावरच येतो. कधी तो खरा दोषी असतो, पण पुष्कळदा नसतो. म्हणून खाली दुरुस्तीइतकाच भर तपासणीवर दिला आहे.

हा व्हॉल्व्ह नेमकं काय करतो?

दोरी ओढली की पिस्टन वर जातो आणि सिलिंडरमधली हवा दाबली जाते. ६० सीसीच्या पुढच्या सॉमध्ये हा दाब दोरी हातातून हिसकावून घेण्याइतका असतो. बटण दाबल्यावर सिलिंडरमधून बाहेर जाणारी एक बारीक वाट उघडते आणि दाबलेल्या हवेचा काही भाग तिथून निसटतो. उरलेला दाब पहिल्या ठिणगीपुरता पुरतो. हात, खांदा, दोरी, स्टार्टरची स्प्रिंग आणि फ्लायव्हीलवरचे कुत्रे (दोरी ओढल्यावर स्टार्टरला फ्लायव्हीलशी जोडणारे छोटे पंजे) या सगळ्यांवरचा ताण त्यामुळे कमी होतो.

व्हॉल्व्हचं डोकं आतल्या बाजूला उघडतं. मशीन चालू असताना सिलिंडरमधला दाब त्या डोक्याला बाहेरच्या दिशेने, म्हणजे सीटवरच (डोकं टेकून व्हॉल्व्ह बंद होतो त्या कडेवर) रेटतो. आतला दाब वाढेल तसा तो अधिकच घट्ट बसतो. सीट स्वच्छ असेल तर चालू इंजिनमध्ये हा भाग सहसा त्रास देत नाही, त्याचं कारण ही रचना.

दर वेळी दोरी ओढताना बटण पुन्हा दाबायचं का?

बटण वर आलं असेल तर हो. आत दाबलेलं बटण एका हलक्या खटक्यावर अडकून राहतं. पहिला बार झाला की जळलेल्या वायूचा धक्का डोक्याला बसतो, खटका सुटतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. थंड मशीनमध्ये चोक लावून ओढताना एक फुसका बार झाला तरी बटण वर येतं. मग चोक काढून पुढची ओढ घेण्याआधी ते परत दाबायचं.

बटणाचा हा आणखी एक उपयोग आहे. चोकवर असताना पहिला बार ऐकू आला नाही, तरी वर आलेलं बटण तो झाल्याचं सांगतं. अशा वेळी चोक तसाच ठेवून ओढत राहिलं की इंजिनमध्ये पेट्रोल साचतं आणि दोष मात्र व्हॉल्व्हवर जातो.

मशीन चालू असताना चुकून बटण दाबलं गेलं तर?

बहुतेक वेळा ते दाबलंच जात नाही, कारण आतला दाब उलट रेटत असतो. दाबलं गेलंच तर बोटाशी गरम वायूचा फवारा येतो आणि मशीन दबतं. एकदा असं झाल्याने मोठं नुकसान होत नाही. मात्र हातमोज्याशिवाय तिथे बोट नेऊ नये.

गरम मशीन सुरू करताना ते वापरावं का?

वापरावं. गरम मशीन दोन ओढीत सुरू होतं म्हणून बरेच जण बटणाकडे दुर्लक्ष करतात, पण दोरीवरचा झटका थंड असो वा गरम, तेवढाच असतो. सॉ जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, डावा हात पुढच्या हँडलवर आणि उजव्या बुटाचा पुढचा भाग मागच्या हँडलमध्ये, अशा स्थितीत बटण दाबून ओढावं.

व्हॉल्व्ह गळतो आहे हे कसं ओळखायचं?

आधी डोळ्यांनी पाहा. वरचं कव्हर काढा आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी व बटणाच्या दांड्याभोवती नजर टाका. कोरडी धूळ असेल तर ठीक. काळा, तेलकट पट्टा सिलिंडरच्या पंखांवर पसरलेला दिसला तर गळती आहे. हा पट्टा कुठून निघतो ते नीट बघा. षटकोनी भागाच्या खालून निघत असेल तर व्हॉल्व्ह सैल आहे किंवा खालची बैठक (व्हॉल्व्हची बॉडी सिलिंडरवर टेकते ती जागा) खराब आहे. तो काढून, बैठक पुसून परत बसवल्याने काम होऊ शकतं. बटणाच्या दांड्याजवळून निघत असेल तर आतली सीट गळते आहे. तिथे सफाई करून पाहायची, नाही जमलं तर व्हॉल्व्ह बदलायचा. कव्हरच्या आतल्या बाजूला त्याच जागी प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं असेल, तर गळती बऱ्याच काळापासून आहे.

दुसरी चाचणी साबणाच्या पाण्याची. मशीन पूर्ण थंड असू द्या. बटण वर आहे याची खात्री करा, व्हॉल्व्हभोवती पाण्याचे चार थेंब सोडा आणि दोरी सावकाश ओढून पिस्टन वर आणा. दाबाच्या टोकाला बुडबुडे फुटले तर गळती पक्की. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा सावकाश येत असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण सफाई करून घ्यावी. फेस उसळत असेल तर ते मशीन तसंच चालवू नये. सीटवरून सुसाट जाणारा गरम वायू धातू खात जातो आणि साध्या सफाईने सुटणारी गळती कायमची होऊन बसते.

कार्यशाळेत इंजिनची हवाबंद चाचणी करताना इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून साधारण अर्धा बार दाब देतात. तेव्हा पिस्टन खाली ठेवला की वरचा सिलिंडरही त्याच दाबाखाली येतो आणि व्हॉल्व्हची परीक्षा आपोआप होते. साबणाचं पाणी तेव्हाही लावावं. गळती क्रँकच्या सीलमधून आहे की व्हॉल्व्हमधून, हे त्याशिवाय कळत नाही.

कॉम्प्रेशन मोजताना काय सांभाळायचं?

बटण वर हवं. हे सांगायची गरज पडू नये, पण कमी आकडा दिसला म्हणून पिस्टन-रिंग उघडल्या जातात आणि बटण आत राहिलेलं असतं, असं होतं.

स्पार्क प्लग काढा, प्लगची वायर बॉडीला अर्थ करा, गेज घट्ट बसवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत पाच-सहा दमदार ओढी घ्या. गेजचा उलट न सोडणारा व्हॉल्व्ह त्याच्या टोकाशीच असावा. तो नळीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर लहान सिलिंडरमध्ये नळीतली जागाच दाब खाते आणि आकडा कमी दिसतो. मोठ्या सॉचं निरोगी इंजिन साधारण १० बारच्या आसपास किंवा वर दाखवतं, म्हणजे सुमारे १४५ पीएसआय. ७-८ बारच्या खाली गेल्यावर सुरू होण्याची कटकट लागते.

आकडा कमी आला तर लगेच निष्कर्ष काढू नका. व्हॉल्व्ह काढून त्याच आट्यांचा बंद प्लग लावा आणि पुन्हा मोजा. आकडा उसळला तर व्हॉल्व्ह दोषी. तेवढाच राहिला तर सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते पाहा. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि तिच्यामुळे नको ते भाग विकत घेणं टळतं.

बिघाड होतात तरी का?

सर्वात मोठं कारण काजळी. प्रत्येक वेळी बटण दाबून ओढताना तेल मिसळलेल्या पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. त्यातलं तेल सीटवर आणि दांड्यावर राहतं, उष्णतेने भाजतं आणि कडक होतं. थर वाढला की डोकं पूर्ण बसत नाही. मग तिथून गरम वायू जायला लागतो, तो आणखी काजळी आणतो, आणि हे चक्र वाढत जातं. स्वस्त किंवा जुनं तेल, प्रमाणापेक्षा जास्त तेल, फार श्रीमंत (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवलेलं कार्ब्युरेटर आणि लाकूड न कापता बराच वेळ आयडलवर सोडलेलं मशीन, या सगळ्यांनी काजळी झपाट्याने धरते.

दुसरं कारण उष्णता. सिलिंडरच्या पंखांत भुसा अडकला की थंड हवा फिरत नाही. व्हॉल्व्ह त्या भागातच असल्याने त्याची स्प्रिंग ताण गमावते, बटणाची प्लास्टिक टोपी ठिसूळ होते आणि एक दिवस बोटाखाली तुटते. टोपी तुटली म्हणून दांडा पकडीने ओढू किंवा दाबू नये. दांडा वाकला की व्हॉल्व्ह तिरका बसतो.

तिसरं कारण कंप. नीट न आवळलेला व्हॉल्व्ह हळूहळू सैल होतो. गळती आधी बारीक असते, मग आट्यांतून वायू जाऊन ॲल्युमिनिअमचे आटे जळतात.

दांडा तुटून डोकं सिलिंडरमध्ये पडणं हा प्रकार दुर्मिळ आहे. बऱ्याच सिलिंडरांत व्हॉल्व्हखालची वाट डोक्यापेक्षा अरुंद असते, त्यामुळे तुकडा तिथेच अडकतो. पण बटण अचानक ढिलं, निर्जीव लागायला लागलं तर मशीन सुरू न करता व्हॉल्व्ह काढून डोकं जागेवर आहे का ते पाहावंच.

बटण आत राहतच नाही, सोडलं की वर येतं. काय करावं?

आतला खटका झिजला आहे किंवा काजळीने दांडा पूर्ण खाली जात नाही. सफाई करून पाहा. दांड्याची पूर्ण चाल परत आली की खटका बहुधा धरतो. नाही धरला तर व्हॉल्व्ह बदला. हे भाग उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेले नसतात.

कधी दोष नसतोही. फार जोरात ओढलं तर नुसत्या हवेच्या धक्क्यानेही बटण सुटतं. दोरी आधी अडेपर्यंत हळू ओढा, मग एकसारखी ताकद लावून ओढा. एवढ्याने बटण राहत असेल तर व्हॉल्व्ह ठीक आहे.

आणि बटण आत जाऊन बसलं, बाहेरच येत नाही?

दोरी अगदी हलकी जाते, व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज येतो आणि मशीन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन दम तोडतं. बटण बोटांनी हलकेच वर ओढून पाहा. आलं तर तात्पुरतं काम होईल, पण दांड्यावर काजळी आहे हे नक्की. त्यावर तेलाचा फवारा मारू नका. तेलाने दोन दिवस बरं वाटतं, पुढे तेच तेल भाजून अधिक घट्ट बसतं.

बटण व्यवस्थित आत जातं, तरी दोरी जडच. असं का?

व्हॉल्व्ह उघडतो आहे, पण त्याच्याखालची बारीक वाट काजळीने बुजली आहे. ही वाट दोन-एक मिलिमीटरचीच असते. व्हॉल्व्ह बदलून फरक पडत नाही तेव्हा हमखास हेच निघतं.

वाट मोकळी करताना एक गोष्ट जपायची. काही सिलिंडरांत ती बाजूच्या भिंतीत उघडते आणि पिस्टन पूर्ण वर असेल तर तिच्यासमोर रिंग येऊ शकते. तार आत घातली आणि ती रिंगला लागली तर रिंग किंवा तिची खाच दुखावते. म्हणून प्लगच्या भोकातून विजेरीने पाहत पिस्टन असा ठेवा की वाटेचं तोंड मोकळं दिसेल, पण एक्झॉस्टचं तोंड अजून झाकलेलं असेल. मग लाकडी काडीने किंवा मऊ तांब्याच्या तारेने काजळी सोडवा. स्टीलची तार किंवा ड्रिल बिट वापरू नका. शेवटी सॉ उलटा धरून प्लगचं भोक खाली करा आणि कण हवेने बाहेर काढा.

वाट साफ असूनही दोरी जड असेल तर स्टार्टर उघडा. गुंतलेली दोरी, कोरडी पुली किंवा वाकलेलं कव्हर हेही कारण असू शकतं.

व्हॉल्व्ह काढून साफ करण्याची योग्य पद्धत कोणती?

मशीन पूर्ण थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनिअममधून व्हॉल्व्ह काढताना आटे सोबत येण्याचा धोका असतो. प्लगची टोपी काढून बाजूला करा. व्हॉल्व्हच्या भोवतालची जागा ब्रशने आणि हवेने आधी साफ करा, कारण नंतर तिथला भुसा थेट सिलिंडरमध्ये पडतो. पिस्टन पूर्ण वर आणा, म्हणजे चुकून काही पडलंच तर ते पिस्टनच्या माथ्यावर राहील, ट्रान्स्फरच्या वाटांत जाणार नाही.

षटकोनात नेमका बसणारा सहा कोनी खोल सॉकेट लावा. बारा कोनी पाना कडा गोल करतो, आणि पकड तर व्हॉल्व्हची बॉडीच चेपते. पहिला झटका हळू द्या. सुटत नसेल तर आट्यांच्या बुडाशी गंज सोडवणारं द्रव्य सोडून थांबा. लांब दांडा लावून जोर करू नका. काढल्यावर भोकावर स्वच्छ कापड ठेवा.

व्हॉल्व्ह कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. त्यावर रबरी रिंग असेल तर बुडवू नका, फक्त डोक्याकडच्या भागावर फवारा. बटण दाबून डोकं बाहेर काढा आणि सीटच्या कडेभोवतीची काजळी पितळी ब्रशने किंवा नखाने काढा. सीट खरवडायची नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही. ती कडा अखंड असली तरच व्हॉल्व्ह धरतो. हवेने सुकवा आणि बटण दहा-बारा वेळा दाबून सोडवून पाहा. प्रत्येक वेळी खटका स्पष्ट जाणवला पाहिजे आणि सुटताना दांडा अडखळता कामा नये. कोरडाच बसवा.

बसवताना सुरुवातीचे तीन-चार फेरे हातानेच. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत; उलट फिरवा, खटक्याला येऊ द्या, पुन्हा सुरू करा.

किती घट्ट आवळायचा?

बऱ्याच सॉमध्ये आटे एम १० × १ मापाचे असतात आणि त्यांना सुमारे १४ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तुमच्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतला आकडा अखेरचा मानावा. तुलनेसाठी, त्याच सिलिंडरवरचा स्पार्क प्लग साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे प्लगच्या सवयीने हात चालवला तर व्हॉल्व्ह जवळजवळ दुप्पट आवळला जातो. आटे जाण्याचं हे नेहमीचं कारण. टेफ्लॉन टेप किंवा गॅस्केटचा लेप लावू नका. सीलिंग बैठकीवर होतं, आट्यांवर नाही. टेपचे तुकडे मात्र सिलिंडरमध्ये जातात. वॉशर असेल तर नवा घ्या.

आटे गेलेच तर सिलिंडर बाद?

नाही. एम १० × १ चं धातूचं आटे-इन्सर्ट बसवता येतं. काम सिलिंडर उतरवून केलेलं उत्तम, कारण टॅपचे ॲल्युमिनिअम कण आत राहिले तर नव्या पिस्टनची वाट लावतात. इन्सर्टचं टोक ज्वलनकक्षात बाहेर डोकावता कामा नये आणि वरची बैठक सपाट राहिली पाहिजे. बैठकीलाच तडा असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, सिलिंडर बदला.

कटकट नको म्हणून व्हॉल्व्ह काढून बंद प्लग लावला तर चालतं का?

चालतं, आणि तसे प्लग तयार मिळतात. पण त्याने ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. जो व्हॉल्व्ह धरतो तो काही खात नाही. प्लगनंतर मशीन जोरात वाटलं तर आधीचा व्हॉल्व्ह गळत होता एवढंच. बदल्यात दोरी, स्टार्टरची स्प्रिंग आणि कुत्रे यांची झीज वाढते आणि बोटांना झटका बसतो. ९० सीसीच्या सॉवर हा झटका बोट दुखावण्याइतका असू शकतो. नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत काम अडू नये म्हणून प्लग लावणं योग्य. ५० सीसीच्या आसपास, दोरी सहज ओढली जात असेल तर तो कायम ठेवायलाही हरकत नाही. मोठ्या मशीनवर व्हॉल्व्ह परत बसवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लगची आट्यांची लांबी मूळ व्हॉल्व्हपेक्षा जास्त नको.

नवा व्हॉल्व्ह घेताना काय जुळवायचं?

मॉडेलच्या भाग क्रमांकावरून घेतला तर प्रश्न नाही. पर्यायी भाग घेताना जुना शेजारी ठेवून आट्यांचं माप, आट्यांची लांबी, बैठकीचा प्रकार आणि बटणाची उंची बघा. आटे जास्त लांब असतील तर टोक आत येतं. बटण उंच असेल तर कव्हरला टेकून अर्धं दाबलेलं राहतं, आणि नवाकोरा व्हॉल्व्ह गळतो! बसवल्यावर स्पार्क प्लग काढलेला ठेवून, बटण आत दाबून, फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कुठेही टक्कर जाणवता कामा नये. स्वस्त नकली व्हॉल्व्हमध्ये खटका कमजोर निघण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा बसवण्याआधी हातातच तो तपासा.

व्हॉल्व्ह गळत असल्याने इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालून पिस्टन जळतो का?

व्हॉल्व्हची गळती मुख्यतः बाहेरच्या दिशेने असते. कॉम्प्रेशन आणि ताकद जाते, आजूबाजूचे भाग तापतात. इंजिन लीन करणारी हवा बहुतेक वेळा क्रँकच्या सीलमधून, इनटेकच्या रबरी नळीतून किंवा सिलिंडरखालच्या गॅस्केटमधून शिरते. आयडल वर-खाली होत असेल, थ्रॉटल सोडल्यावर आवाज उतरायला वेळ लागत असेल, तर नुसता व्हॉल्व्ह बदलून मोकळं होऊ नका, इंजिनची दाब आणि निर्वात चाचणी करून घ्या. दोन्हीपैकी कोणतीही गळती कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून झाकायची नाही.

कोणतं तेल वापरल्याने काजळी कमी होते?

एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठीचं, जासो एफडी किंवा आयएसओ-एल-ईजीडी दर्जाचं तेल घ्या आणि उत्पादकाने सांगितलेलं प्रमाण पाळा. ५०:१ असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली. अंदाजाने जास्त ओतलेलं तेल इंजिनला जपत नाही. ते काजळी होऊन व्हॉल्व्हवर, प्लगवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर बसतं.

किती अंतराने तपासावा?

रोजच्या कामात, एअर फिल्टर झटकताना व्हॉल्व्हभोवतीचा भुसाही काढावा आणि बटण एकदा दाबून पाहावं. स्पार्क प्लग साधारण १०० तासांनी बदलतात. त्याच वेळी व्हॉल्व्ह काढून साफ करणं सोयीचं. वर्षातून थोडंच काम असेल तर हंगामापूर्वी एकदा पुरे. धरत असलेला व्हॉल्व्ह उगाच वारंवार काढू नये, ॲल्युमिनिअमचे आटे दर काढघालीला थोडे झिजतात.

ठेवणीत बटण वर ठेवायचं की खाली?

वर. उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगवर गंज धरतो. मशीन धुताना किंवा हवेने साफ करतानाही बटण वर असावं, नाहीतर पाणी आणि भुसा त्याच वाटेने आत जातात.

माझ्या सॉवर "सोपी सुरुवात" असं लिहिलं आहे, पण बटण सापडत नाही.

काही सॉमध्ये दोरीच्या मुठीत किंवा स्टार्टरमध्ये एक जादा स्प्रिंग असते. ती ओढीचा झटका साठवून एकसारखा सोडते. स्टील (Stihl) कंपनीची एर्गोस्टार्ट ही त्यातलीच. तिथे सिलिंडरमधला दाब कुठेच सोडला जात नाही, त्यामुळे वरचं काहीही लागू होत नाही. काही सिलिंडरांवर व्हॉल्व्हसाठी उंचवटा ओतलेला असतो, पण भोक पाडलेलं नसतं. तो पाहून स्वतः भोक पाडू नका. आतली वाट कुठे निघते, पिस्टनच्या प्रवासात ती केव्हा झाकली जाते आणि बैठक किती जाड आहे हे त्या सिलिंडरच्या नकाशाशिवाय ठरवता येत नाही, आणि चुकलेलं भोक बुजवता येत नाही.